१९५६चे कागद, १ जानेवारी १९८० ही तारीख आणि गेलेले शेरे

शहापूरचा माग (रविवार, रात्री ९:४०)

विषय तांत्रिक आहे, पण दुखणं घरचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं घर बेळगावच्या शहापुरातलं. संस्थानी काळात हा भाग सांगलीकरांकडे होता आणि गल्लीगल्लीत माग होते. आजोबाही विणकर. माडीवर त्यांच्या दोन पत्र्याच्या ट्रंका होत्या. त्यात रोजकीर्दी, सुताच्या उधारीच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, मोडीतली पत्रं, आणि १ नोव्हेंबर १९५६ला आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला त्या दिवसांतली काही हस्तपत्रकं. गेल्या दिवाळीत त्यातली सहाशेच्या वर पानं स्कॅन केली.

नुसतं स्कॅन करून भागत नाही की. पत्र कुणाचं, कुणाला, कुठल्या ट्रंकेतलं, हे कळलं नाही तर तो निव्वळ कागदाचा फोटो. माझी आत्ती ८४ वर्षांची आहे, आजोबांनी तिला मोडी शिकवली होती. ती सांगायची आणि मी लिहायचो. लिनक्सवर फाईलला जोडून छोट्या नोंदी ठेवता येतात, त्यांना एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. तिथे मी आत्तीचं सांगणं लिहून ठेवलं. फाईलचं नाव वाढत नाही, आतला फोटो बदलत नाही, म्हणून ती सोय मला फार आवडली होती. शिवाय ज्या पत्रांवर तारीख होती त्यांच्या फाईलींची तारीखच ‘टच’ कमांडनं पत्राची करून टाकली. फोल्डर तारखेनं लावला की १९४८चं पत्र आधी, १९५६चं नंतर, असं ओळीनं दिसायचं.

मग सगळं पेनड्राइव्हवर घालून दुबईच्या भाच्याला दिलं. उन्हाळ्यात माझी डिस्क गेली. भाच्यानं त्याच्याकडची प्रत परत पाठवली. पानं सगळी आली, एकही कमी नाही. शेरा मात्र एकही नाही. जुन्या पत्रांच्या तारखा झाडून सगळ्या १ जानेवारी १९८०. ज्यांच्या तारखेला मी हात लावला नव्हता, त्या दीड तास पुढे सरकलेल्या.

प्रत करताना एकही सूचना आली नव्हती. मी ‘सीपी’ या प्रत करायच्या कमांडला ‘-ए’ लावून प्रत केली होती, म्हणजे सगळं जसंच्या तसं न्यावं म्हणून. आता आत्तीला पुन्हा विचारत बसलोय, पण मागं आठवलेलं या वेळी आठवेलच असं नाही. फाईलीतला एक बिट बिघडला तर आपण घाबरतो, आणि फाईलीबद्दलची माहिती अशी गुपचूप गळून जाते. ही माहिती मागायची आणि ठेवायची व्यवस्था ऑपरेटिंग सिस्टिमनं कशी करायला हवी होती? जाणकारांनी सांगावं.

निपाणीकर (रविवार, रात्री ११:०५)

वाचून वाईट वाटलं. बंगळुरात याच क्षेत्रात काम करतो, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

गावात एखाद्या तुकड्याला लोक ‘वडाची पट्टी’ म्हणतात, पण उताऱ्यावर ते नाव नसतं, सर्व्हे नंबर असतो. लिनक्स ज्या धर्तीवर बेतलंय त्या युनिक्सात तसंच आहे. फाईलचं नाव डिरेक्टरीत असतं आणि मालक, परवानग्या, आकार, वेळा हे सगळं आयनोड नावाच्या क्रमांक दिलेल्या नोंदीत. एकाच आयनोडला दोन नावं असू शकतात, जशी एकाच तुकड्याला दोन गावची दोन नावं. ‘स्टॅट’ हा सिस्टिम कॉल म्हणजे त्या नंबरचा उतारा काढणं. १९७१च्या पहिल्या युनिक्सपासून तो आहे आणि ठरावीक रकान्यांच्या छापील फॉर्मसारखा आहे. रकाने वाढवायला जागा नाही, आणि एखादी गोष्ट फाईलसिस्टिमला, म्हणजे डिस्कवर फाईली मांडणाऱ्या व्यवस्थेला, माहीतच नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहायचीही सोय नाही. काहीतरी भरावंच लागतं.

त्यात वेळा तीन. शेवटचं वाचन, मजकुरातला शेवटचा बदल, आणि तिसरी ‘सीटाइम’. या तिसरीनं पिढ्यान्‌पिढ्या लोकांना फसवलंय. सी म्हणजे क्रिएशन नव्हे, चेंज. नुसती परवानगी बदलली, नवं नाव जोडलं, तरी ती बदलते. फाईल जन्मली कधी, हे जुन्या स्टॅटमध्ये कुठेच नाही.

आता तुमचं १९८०. पेनड्राइव्हवर फॅट ही जुनी फाईलसिस्टिम असणार. फॅटमध्ये वर्ष १९८०पासून मोजतात आणि २१०७ला थांबतात. त्याआधीची तारीख लिहायला तिथे जागाच नाही. तुमच्या ‘सीपी’नं सांगितलं १९५६, लिनक्सनं ते बसेल त्या सर्वांत जुन्या तारखेवर आणून ठेवलं, आणि उत्तर दिलं ‘झालं’. चूक झाली असा कोड परत आलाच नाही.

शेऱ्यांचं दुखणं वेगळं. फॅटवर असे अ‍ॅट्रिब्यूट ठेवताच येत नाहीत. तिथे कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्पष्ट सांगतो की इथे ही सोय नाही. पण ‘सीपी -ए’ ते उत्तर ऐकून गप्प बसतो, हे त्याच्या कागदपत्रांतच लिहिलंय. ‘--प्रिझर्व्ह=एक्सअ‍ॅटर’ असं नाव घेऊन मागितलं असतंत तर तक्रार केली असती. म्हणजे ‘सगळं ने’ म्हटलं तर गळालेलं सांगत नाही आणि ‘एवढं ने’ म्हटलं तर सांगतो. माझ्या मते हे उलटं आहे.

खडेबाजार (सोमवार, सकाळी ७:१५)

वाचतोय. उताऱ्याचा दाखला एकदम डोक्यात बसला.

खानापूरची वाचक (सोमवार, दुपारी २:३०)

मी ग्रंथालयात काम करते, संगणकातलं कळतं ते कामापुरतं. पण इथे एक गल्लत होतेय असं वाटलं, म्हणून लिहितेय.

जुन्या दफ्तरांत कागद रुमालात बांधत. रुमालावर चिठ्ठी असे, आत काय आहे, कुठल्या प्रांताचं आहे ते. कागदावरची मिती वेगळी, रुमाल बांधला ती तारीख वेगळी, आणि दफ्तरखान्यात आला ती वेगळी. ग्रंथालयातही तेच. पुस्तकाचं प्रकाशन वर्ष एका रकान्यात, दाखल केल्याची तारीख दाखल नोंदवहीत. एकीच्या जागी दुसरी लिहिली तर वर्षअखेरीच्या मोजणीत सगळा घोळ होतो. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८चं आहे. एवढ्या जुन्या संस्थेचा संग्रह शाबूत राहायचा तर मागच्या माणसाला या तारखा वेगळ्या ठेवाव्या लागल्या असणारच.

दादा, तुम्ही पत्राची तारीख फाईलच्या तारखेच्या रकान्यात घातलीत. सोयीचं होतं हे मान्य, पण तो रकाना यंत्राचा आहे. बॅकअपचा प्रोग्रॅम, प्रत करणारा प्रोग्रॅम, सगळे तिथे आपापलं लिहिणार. आणि आपल्या कागदांवर बऱ्याचदा ‘शके १८७८, कार्तिक’ एवढंच असतं, दिवसच नसतो. ते सेकंदाच्या रकान्यात कसं बसवणार? ग्रंथालयवाल्यांनी १९९५मध्ये ओहायोतल्या डब्लिन गावी बसून ‘डब्लिन कोअर’ ठरवलं. शीर्षक, कर्ता, तारीख, मूळ स्रोत वगैरे, पुढे मिळून १५ घटक झाले. तिथला तारखेचा रकाना त्या वस्तूविषयी माणसानं दिलेली माहिती आहे. डिस्कवर काय कधी लिहिलं गेलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

शहापूरचा माग (सोमवार, रात्री ८:१०)

ताई, पटलं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर टचच्या वाटेला गेलो नसतो. पण मग त्या रकान्यात मला लिहूच का दिलं? आणि तो दीड तास कुठून आला?

चिकोडीचा (सोमवार, रात्री ९:००)

विंडोजवाल्यांच्या बाजूनं थोडं. एनटीएफएस या विंडोजच्या फाईलसिस्टिममध्ये वेळ १ जानेवारी १६०१पासून १०० नॅनोसेकंदांच्या मापात मोजतात, त्यामुळे तिथे १९५६ सहज बसतं. तिथे जन्मवेळही असते, पण ती त्या प्रतीची. प्रत केली की जन्मवेळ आजची आणि बदलवेळ जुनीच. ‘आज जन्मली आणि सहा महिन्यांपूर्वी बदलली’ हे वाचून आमच्या ऑफिसात लोक गोंधळतात. त्यात आणखी एक. फाईल पुसून १५ सेकंदांच्या आत त्याच नावाची नवी केली, तर विंडोज नव्या फाईलला जुनीची जन्मवेळ देतं. कारण जुने प्रोग्रॅम सेव्ह करताना नवी फाईल लिहून जुनी पुसायचे, आणि वापरणाऱ्याच्या मनात ती एकच फाईल असायची. हेतू चांगला आहे, पण कोर्टात पुरावा म्हणून जन्मवेळ दाखवणाऱ्यानं हे लक्षात ठेवायला हवं.

शेऱ्यांसाठी तिथे पर्यायी डेटा स्ट्रीम आहेत, म्हणजे एकाच फाईलच्या पोटात दुसरी लपलेली फाईल. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाईलला ‘झोन आयडेंटिफायर’, म्हणजे ती बाहेरून आल्याची खूण, असाच चिकटतो. फॅटवर नेली की तोही गळतो.

निपाणीकर (सोमवार, रात्री १०:२०)

दीड तासाचं सोपं आहे. फॅटमध्ये भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लिहितात, कुठल्या देशाच्या भिंतीवरचं ते लिहीत नाहीत. बेळगावात सकाळी १० लिहिले, दुबईच्या विंडोजनं ते दुबईचे १० समजले. दुबईचे १० म्हणजे आपले साडेअकरा. परत आल्यावर तुम्हाला साडेअकरा दिसले. एक्सफॅट या फॅटच्या नव्या भावंडात वेळेशेजारी टाइमझोनचा फरक लिहायला बाइट आहे, तोही पंधरा-पंधरा मिनिटांच्या पटीत, त्यामुळे आपलं साडेपाच तासांचं गणित तिथे नीट बसतं.

आता ‘लिहूच का दिलं’ हा तुमचा प्रश्न. माझ्या मते धाग्याचा गाभा हाच. बदलवेळ माणसाला लिहिता यावीच लागते, नाहीतर बॅकअपमधून परत आणलेल्या प्रत्येक फाईलवर आजची तारीख पडेल. सीटाइम मात्र कुणालाही थेट लिहिता येत नाही, ती यंत्राची साक्ष. लिनक्सवर जन्मवेळही लिहिता येत नाही. विंडोज आणि मॅकवर येते. यावर जाणती माणसं भांडतात. मला लिनक्सचं बरोबर वाटतं, कारण साक्षीदाराचा जबाब बदलता आला की ती साक्ष राहत नाही.

स्टॅटची दुरुस्तीही झालीय. डेव्हिड हॉवेल्स यांनी २०१०मध्ये ‘एक्सस्टॅट’ नावानं प्रस्ताव मांडला, बरीच वर्षं काथ्याकूट होऊन २०१७मध्ये लिनक्स ४.११मध्ये ‘स्टॅटएक्स’ आला. प्रोग्रॅम जिच्यामार्फत कर्नलशी बोलतात त्या जीलिबसी लायब्ररीत यायला २०१८ उजाडलं, आणि ‘स्टॅट’ कमांडला जन्मवेळ त्या वाटेनं दिसू लागली २०१९मध्ये. त्याआधी ईएक्सटी४ ही लिनक्सची फाईलसिस्टिम डिस्कवर जन्मवेळ लिहीत होती, पण विचारायला नेहमीची वाटच नव्हती. तिजोरीत ऐवज आहे आणि कुलपाला भोकच नाही, अशी गत.

स्टॅटएक्समध्ये मला सगळ्यात आवडतो तो मास्क. तुम्ही विचारताना खुणा करता, मला हे हे हवंय. उत्तरात कर्नल त्याच्या खुणा करतो, यातलं हे हे मी खरंच भरलंय. जन्मवेळेची खूण आली नाही, तर तिथे दिसणारा शून्य म्हणजे १९७० (युनिक्सची वेळ तिथून मोजतात) नव्हे, तिथे माहितीच नाही. ‘माहीत नाही’ म्हणण्यासाठी जागा मिळाली, इतक्या वर्षांनी. त्या स्ट्रक्चरमध्ये पुढच्या रकान्यांसाठी मोकळी जागाही ठेवलीय, एकूण २५६ बाइट. नेटवर्कवरच्या फाईलबद्दल विचारताना ‘सर्व्हरला विचारून ताजं सांग’ किंवा ‘जवळ आहे ते सांग, खेप घालू नको’ असंही म्हणता येतं.

पण एवढी प्रामाणिक रीत फक्त वाचण्यात आली, लिहिण्यात नाही. वेळ लिहिणारा कॉल आजही १९५६ घेतो आणि १९८० ठेवून ‘झालं’ म्हणतो. त्यानंही खुणा परत द्यायला हव्या होत्या, की हे जसंच्या तसं ठेवलं आणि हे कापलं.

टिळकवाडीचा फोटोवाला (मंगळवार, सकाळी १०:४५)

तुम्ही सगळे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मागं लागलाय. आम्ही फोटोवाले कधीच तिच्यावर विसंबलो नाही. नोंद फाईलच्या आतच लिहा. त्यासाठी फोटोच्या फाईलीतच नोंदी ठेवायच्या रीती आहेत, एक्झिफ आहे, एक्सएमपी आहे. पेनड्राइव्ह कुठलाही असो, सोबत जातं. लग्नाच्या हजारो फोटोंत नवरदेवाचं नाव, हॉल, तारीख, सगळं आत असतं. एक्झिफमध्येही बरीच वर्षं टाइमझोन नव्हता, २०१६च्या २.३१ आवृत्तीत आला, तो दोष मान्य.

खानापूरची वाचक (मंगळवार, दुपारी १:१५)

फोटोवाले दादा, ते लग्नाच्या फोटोला ठीक. आमच्याकडे स्कॅन झाला की त्याचा हॅश, म्हणजे फाईलीतल्या बाइटांवरून काढलेली ओळखखूण, काढून वहीत लिहितो. आत एक अक्षर लिहिलं तरी हॅश बदलतो. मग दहा वर्षांनी ‘हे तेच स्कॅन आहे का’ या प्रश्नाला ‘हो, पण शेरा घातल्यामुळे हॅश वेगळा’ असं सांगत बसायचं? आणि आत्तीचं सांगणं पुढे दुरुस्त होणार, वाढणार. प्रत्येक वेळी मूळ वस्तू उघडून त्यात लिहिणं मला रुचत नाही. पुस्तकावर पेननं लिहिणाऱ्या वाचकाला आम्ही दंड करतो.

शिवाय आतल्या नोंदीही सगळीकडे टिकत नाहीत. चॅटवरून फोटो पाठवला की त्यातलं किती पलीकडे पोचतं, तुम्हीच तपासून बघा.

निपाणीकर (मंगळवार, रात्री ९:३०)

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण ऑपरेटिंग सिस्टिमनं माणसाचे शेरे सांभाळणं अशक्य आहे, असं मात्र म्हणू नका. १९९०च्या दशकात बीओएस नावाची सिस्टिम होती. तिच्या बीएफएस फाईलसिस्टिममध्ये प्रत्येक फाईलला हवे ते अ‍ॅट्रिब्यूट जोडता यायचे, त्यांना प्रकार असायचा, म्हणजे हा आकडा, हा मजकूर, ही वेळ, आणि ज्यांचा इंडेक्स केलाय त्यांवर थेट शोध. तिथे प्रत्येक ईमेल ही एक साधी फाईल होती, पाठवणारा आणि विषय हे तिचे अ‍ॅट्रिब्यूट. वेगळ्या ईमेल डेटाबेसची गरजच नव्हती. ‘१९५६ची, शहापूरहून गेलेली पत्रं दाखव’ हा शोध तिथे फाईल मॅनेजरमध्ये झाला असता. ती फाईलसिस्टिम लिहिणाऱ्यांतले डॉमिनिक जाम्पाओलो पुढे अ‍ॅपलमध्ये गेले आणि मॅकच्या स्पॉटलाइट या शोधसोयीवर त्यांनी काम केलं. बीओएसचा वारसा आज हायकू ही सिस्टिम चालवते, कुणाला हवं तर जुन्या लॅपटॉपवर घालून बघा.

मायक्रोसॉफ्टनंही विनएफएस नावानं मोठं स्वप्न पाहिलं होतं, २००३मध्ये जाहीर केलं आणि २००६मध्ये गुंडाळलं. सोलॅरिस या युनिक्सच्या एका प्रकारानं फाईलच्या आत लपलेली डिरेक्टरीच दिली, तिच्यात नेहमीच्याच ओपन-रीड-राइटनं लिहायचं. ती कल्पना मला सुंदर वाटते, नवी भाषाच शिकायला नको. लिनक्सनं छोट्या चिठ्ठ्यांचा मार्ग घेतला. एका चिठ्ठीत फार तर ६४ केबी, आणि ईएक्सटी४वर एका फाईलच्या चिठ्ठ्या साधारण एका ४ केबीच्या ब्लॉकात बसवाव्या लागतात.

अथणीची (बुधवार, सकाळी ८:५०)

ही चर्चा इंग्रजी नावांच्या फाईलींपुरती ठीक आहे. आपल्या नावांचं काय? मी भाषांतराचं काम करते, मराठी-कन्नड दोन्ही, आणि रोज याला सामोरी जाते.

लिनक्सवर फाईलच्या नावाला २५५ची मर्यादा आहे, पण ती बाइटांची. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं. ‘क्ष’ एकटा ९ बाइट, ‘त्र्य’ १५. म्हणजे जेमतेम चाळीस-पन्नास अक्षरांचं नाव. विंडोजवर हीच २५५ची मर्यादा यूटीएफ-१६च्या एककांत मोजतात, आणि तिथे देवनागरी चिन्ह एक एकक. म्हणून विंडोजवर नीट असलेली लांब नावाची फाईल लिनक्सवर नेताना अडते. माणसाला दिसणारी लांबी एकच, एक सिस्टिम घेते आणि दुसरी नाकारते.

दुसरं जास्त त्रासाचं. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातला रफार नसलेला र, तो काही कीबोर्ड ‘ऱ’ आणि हलन्त असा लिहितात आणि काही ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक असा. पडद्यावर तंतोतंत सारखं. फाईलसिस्टिमला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नॉर्मलायझेशनसुद्धा या दोघांना एक करत नाही, कारण तो जोडक वेगळं चिन्ह आहे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लसवर ‘ऱ’ ठेवला की तो ‘र’ आणि नुक्ता असा सुटा करून ठेवायचे, तो तिसरा प्रकार. ‘शेतकऱ्यांची पत्रकं’ हे फोल्डर मी शोधते आणि ‘सापडलं नाही’ असं येतं, समोर दिसत असताना.

म्हणून नावात माहिती कोंबू नका. आणि शोधाची व्यवस्था करणाऱ्यांनी तुलना कशी करायची ते आपल्या लिप्या बघून ठरवावं. बाइट जसेच्या तसे ठेवा, पण शोधताना हे तिन्ही र एकच माना. ठेवणं आणि जुळवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

चिकोडीचा (बुधवार, सकाळी ९:३०)

अथणीच्या ताईंना शंभर टक्के अनुमोदन. ‘वऱ्हाडी’ नावाच्या फोल्डरपायी माझा अर्धा दिवस गेला होता, कारण आज कळलं.

खडेबाजार (बुधवार, रात्री ८:२०)

एक प्रश्न. दुकानाच्या सर्व्हरवर चाळीस हजार बिलांचं फोल्डर आहे. नुसती यादी उघडायला मिनिटं लागतात. हेही याच विषयात येतं का?

निपाणीकर (बुधवार, रात्री ९:१५)

येतं. युनिक्सात यादी देणारा कॉल नावं देतो, माहिती नाही. मग प्रत्येक नावासाठी वेगळा स्टॅट. चाळीस हजार नावं म्हणजे चाळीस हजार खेपा, आणि सर्व्हर लांब असेल तर प्रत्येक खेपेला वेळ. एका पोत्यातलं तांदूळ दाणा दाणा आणल्यासारखं. नेटवर्कवरून फाईली वापरायच्या एनएफएस पद्धतीनं तिसऱ्या आवृत्तीत यादीबरोबरच माहिती देणारी सोय केली. विंडोजमध्ये यादीतच आकार आणि वेळा येतात. मॅकवर घाऊक माहिती मागायचा वेगळा कॉल आहे. लिनक्सवर असा सर्वसाधारण घाऊक कॉल नाही, ही उणीव मला रोज जाणवते. तोपर्यंत बिलं महिन्यावार फोल्डरांत टाका, आणि रंगीत यादी बंद करा. रंग ठरवायलाही स्टॅट लागतो.

अथणीची (गुरुवार, सकाळी ७:४०)

आणखी एक बाजू राहिली. फाईल वाचायची परवानगी नसली तरी तिचा स्टॅट काढता येतो, डिरेक्टरीतून जाता आलं की झालं. म्हणजे आत काय आहे ते नाही, पण किती मोठी, कधी बदलली, कुणाची, ते कळतं. आपल्या भागात १ नोव्हेंबरच्या निषेध फेरीचे फोटो पोरं काढतात. फोटोत चेहरा दिसत नसला तरी आतल्या एक्झिफमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असतात. कागदपत्रांच्या नोंदी टिकाव्यात हे बरोबर, पण कुठली नोंद सोबत जाते आणि कुठली जात नाही, हे पाठवणाऱ्याला पाठवण्याआधी दिसायला हवं. दादांना गेलेलं कळलं नाही, पोरांना गेलेलं कळत नाही. अडचण एकच.

शहापूरचा माग (गुरुवार, रात्री १०:००)

तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. खरंय.

मला आता असं वाटतं की प्रत करणाऱ्या प्रोग्रॅमनं नोंद गळत असेल तर थांबायलाच हवं. विचारावं, नेऊ का टाकू. नुसतं पुढे जाणं चूक.

निपाणीकर (गुरुवार, रात्री १०:४०)

इथे मी पूर्ण सहमत नाही. प्रत्येक नोंदीवर थांबलो तर पेनड्राइव्हवर कुणालाच काही नेता येणार नाही. लिनक्सच्या फाईलवर सुरक्षेची लेबलं असतात, परवानग्यांच्या याद्या असतात. त्या लेबलांना दुसऱ्या मशीनवर काही अर्थ नसतो, गळाल्या तरी बिघडत नाही. लोक वैतागून ‘हो’ दाबायला शिकतील आणि मग तुमचे शेरेही त्याच ‘हो’मध्ये जातील.

फरक करायला जागा मात्र आहे. लिनक्समध्ये अ‍ॅट्रिब्यूटच्या नावातच घराणं असतं. ‘सिक्युरिटी’ आणि ‘सिस्टिम’ ही यंत्राची, ‘युजर’ हे माणसाचं. तुमचे शेरे ‘युजर’मध्येच होते. म्हणजे हे माणसानं हातानं लिहिलंय, हे सिस्टिमला माहीत होतं. पहिल्या दोघांबद्दल गप्प राहा, तिसऱ्याबद्दल ओरडा, एवढा नियम प्रत करणाऱ्या प्रोग्रॅमला घालता आला असता, कर्नल न बदलता. तो घातला नाही, कारण एके काळी ‘युजर’मध्ये फारसं कुणी काही ठेवत नव्हतं. आणि ठेवलेलं टिकत नाही म्हणून लोक ठेवत नाहीत. हे चक्र कुठेतरी तोडायला हवं. मी माझ्या बाजूनं त्या प्रोग्रॅमच्या मेलिंग लिस्टवर हा मुद्दा मांडणार आहे, तुमचं उदाहरण देऊन, चालेल ना?

खानापूरची वाचक (शुक्रवार, दुपारी १:५०)

तोवर दादा, एक साधी यादी करा. सरळ टेक्स्ट फाईल, एका ओळीत एक पान. पहिल्या रकान्यात हॅश, नाव नको, नाव बदलतं. मग ट्रंक, कागदावरची तारीख जशी लिहिलीय तशीच, शके असेल तर शके. मग सांगणाऱ्याचं नाव आणि सांगितल्याचा दिवस. हा शेवटचा रकाना विसरू नका. यादीची एक छापील प्रत ट्रंकेतच ठेवा. अ‍ॅट्रिब्यूटही परत भरा हवं तर, यादीवरून भरायला छोटा प्रोग्रॅम निपाणीकर देतील. पण मूळ ती यादी.

निपाणीकर (शुक्रवार, रात्री ८:००)

देतो. उद्या सकाळपर्यंत इथेच टाकतो. उलटीकडूनही चालेल असा करतो, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटवरून यादी, आणि दोघांत फरक असेल तर दाखवेल, स्वतःहून काही बदलणार नाही.

शहापूरचा माग (रविवार, रात्री ९:१५)

निपाणीकर, प्रोग्रॅम चालला. मेलिंग लिस्टवर आमचं उदाहरण खुशाल द्या.

आज आत्तीबरोबर चार तास बसलो. एक्केचाळीस पानं झाली. एका मोडी पत्रावर ती अडली. सुताच्या गाठोड्याबद्दल आहे, कुणा व्यापाऱ्याला लिहिलंय. आज म्हणाली हुबळीचा. मग थोड्या वेळानं म्हणाली, नाही, निपाणीचा असेल, आपलं सूत तिकडून यायचं. मी विचारलं, दिवाळीत काय म्हणाली होतीस? तिला आठवेना. मलाही आठवेना. त्या दिवशी मी नक्की काहीतरी लिहिलं होतं, तिनं ठामपणे सांगितलं होतं एवढंच डोळ्यांसमोर आहे.

दोन ओळी लिहिल्या. हुबळी, आत्ती, आजची तारीख. निपाणी, आत्ती, आजची तारीख. दिवाळीच्या तारखेची तिसरी ओळही ठेवली आणि व्यापाऱ्याच्या रकान्यात ‘माहीत नाही, नोंद गेली’ असं लिहिलं.

खानापूरच्या ताई, तुम्हाला मोडी येते असं दुसऱ्या एका धाग्यावर वाचलं होतं. पुढच्या रविवारी जमलं तर शहापूरला याल का? आत्ती म्हणाली, येऊ दे की, जेवूनच जाईल.